मागून येणारी गाडी

नवरा रुळांच्या मधून चालायचा आणि बायको कडेच्या पायवाटेनं, त्याच्या मागे. त्याच्या खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, कमरेला पाना. तिच्या हातात कापडी पिशवी. लोकांना वाटायचं, पिशवीत त्याचा डबा आहे. डबा होताच, पण डब्याखाली वेचून घेतलेले खडे होते, बोराएवढे, धार नसलेले. मागून गाडी येताना दिसली की ती एक खडा त्याच्या पाठीत मारायची. तो वळून न बघता रुळावरून खाली उतरायचा. गाडी जायची, तो परत वर चढायचा. दोघं एक शब्द बोलत नसत.

ही वेळ त्यांच्यावर आणली डिझेलनं.

आधी तो इंजिनांच्या शेडमध्ये होता. कोळशाच्या इंजिनाचा बॉयलर दुरुस्त करायचा म्हणजे एकानं बाहेरून घण घालायचा आणि एकानं आत बसून रिवेटच्या बुडाशी लोखंड दाबून धरायचं. हा आतला. अंगानं बारीक, म्हणून मिसरूड फुटायच्या आधीपासून त्याला आतच घालत आले होते. लोखंडाच्या पिंपात बसून दिवसभर घणाचे घाव ऐकणाऱ्या माणसाचं जे व्हायचं तेच त्याचं झालं. आधी कानात किडे ओरडायला लागले, मग किडेही गप्प झाले. शेडमध्ये त्याचं कुणाला काही वाटलं नाही. तिथं सगळेच थोडेफार बहिरे. त्याचा बाप तर शेडमध्येच बहिरा झाला आणि शेडमध्येच म्हातारा झाला. बोटांनी बोलायचे, बोटांनी शिव्या द्यायचे आणि हसायचे मात्र मोठमोठ्यानं.

मग डिझेलची इंजिनं आली. “कानामागून आली आणि तिखट झाली,” सासू म्हणाली. तिला वाटलं होतं, आली तशी जातीलही. पण गेले ते बॉयलर. एकेक इंजिन मागच्या फाट्यावर नेऊन उभं केलं, त्यावर गवत चढलं. पोरसवदा होते त्यांना डिझेल शिकायला पाठवलं, म्हाताऱ्यांना घरी. मधल्यांना जिथं जागा होती तिथं कोंबलं. हा लायनीवर चावीवाला झाला. नेमण्याआधी डॉक्टरनं समोर बसवून नाव विचारलं, काम विचारलं, जीभ बघितली. ओठ समोर दिसत होते. तो पास झाला. त्या दिवशी घरात गोडधोड झालं. आता ते आठवलं की तिला स्वतःच्या जिभेची शिसारी यायची.

चावीवाल्याचं काम एकट्याचं. रूळ खालच्या स्लीपरला जखडून ठेवणाऱ्या लोखंडी पाचरी असतात, त्या चाव्या. गाड्यांच्या धक्क्यानं त्या सुटतात. चावीवाल्यानं रोज आपला टप्पा चालायचा आणि सुटलेली चावी ठोकून बसवायची. चांगला चावीवाला आवाजावरून ओळखतो, घट्ट चावी टणटण बोलते, ढिली खडखडते. याला ते हाताला कळायचं. ढिल्या चावीवर घाव पडला की दांडा तळव्यात बावळटासारखा थरथरतो, असं तो म्हणायचा. कामात तो कुणाला हार जाणारा नव्हता. रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीच्या मुकादमाला खोट काढायला जागा नव्हती. एकच तक्रार होती, की हाक मारली तर हा ओ देत नाही. टोळीतल्या माणसांनी त्याचं नाव ‘राजे’ पाडलं. राजे काही आपल्यासारख्यांशी बोलत नाहीत म्हणे. तिनं ते हसून घेतलं. आखडू म्हणोत, बहिरा न म्हणोत.

पहिले महिने निभावलं, कारण लायनीवर अजून कोळशाची इंजिनं बरीच होती. ती येण्याआधी जमीन सांगायची. जड दांडे खालीवर होताना रुळावर घाव पडतात, ते त्याच्या तळव्यांना फार लांबून कळायचे. आणि धूर. टप्प्याच्या मध्यावर एक खिंड होती, दुहेरी लाईन तिच्यातून वळून उताराला लागायची. गाडी दिसायच्या आधी खिंडीच्या डोक्यावर धूर दिसायचा. लायनीवरची सगळीच माणसं घड्याळाकडे बघतात तशी आकाशाकडे बघायची. मागे वळून बघितलं, धूर नाही, म्हणजे गाडी नाही. हे इतकं अंगात भिनलं होतं, की ज्यांना ऐकू यायचं तेसुद्धा धूरच बघायचे.

डिझेलला धूर नव्हता म्हटलं तरी चालेल. उताराला लागलं की ड्रायव्हर इंजिन मोकळं सोडायचा, आणि अख्खी गाडी पाणी वाहावं तशी खाली यायची.

एक दिवस तो टोपीशिवाय घरी आला. टोपी कुठे म्हणून तिनं विचारलं. “वाऱ्यानं नेली,” तो म्हणाला.

“वारा कुठेय आज?”

त्यानं तिच्या ओठांकडे बघितलं, मग जमिनीकडे. “गाडीच्या वाऱ्यानं.”

त्याच्या सदऱ्याच्या बाहीवर वंगणाचा लांब काळा पट्टा उमटला होता. ते वंगण गाडीच्या डब्याचं, हे कळायला तिला थोडा वेळ लागला. दुसऱ्या दिवसापासून ती मागे जायला लागली.

आधी तो खूप भडकला. वाटेत थांबून तिच्यावर हातोडा उगारला. ती उभी राहिली. तो वळून चालायला लागला की ती चालायला लागायची. एकदा त्यानं तिची पिशवी हिसकावून खडे नाल्यात ओतले. तिनं वाकून नवे वेचले. लायनीवर आणखी काही नाही मिळालं तरी खडी मिळतेच. शेवटी तो दमला. पाठीत पहिला खडा बसला त्या दिवशी तो उतरला, मागून डिझेल धडधडत गेलं, आणि गाडी गेल्यावर तो तिच्याकडे न बघता म्हणाला, “जरा खाली मार. मणक्यावर लागतो.”

तेवढंच त्यांचं बोलणं झालं आणि तेवढ्यात ठरलं.

पण भीती गेली नाही. उलट आधी ती घरात बसून भ्यायची, आता चालत चालत भ्यायची. स्वयंपाक करताना, भांडी घासताना तिचे कान मागेच असायचे. वाऱ्याची दिशा बदलली की ती दहादा मागे बघायची, कारण वारा आवाज पळवतो. शिंक आली तरी ती दाबायची, न जाणो तेवढ्यात भोंगा वाजला तर. दोन माणसांचं ऐकायचं म्हणजे काही थट्टा नाही. संध्याकाळी परत आली की तिचे कान ठणकायचे.

आणि त्यांच्या रेल्वेच्या चाळीत काय चाललं होतं? चाळीला उद्योग नको?

नळावर सांधे बदलणाऱ्या पॉइंटमनची बायको घागर लावून उभी राहायची. बाई वाईट नव्हती, तोंडानं सैल होती. एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाली, “काय गं, रोज मागे मागे जातेस. कुणी आहे का तिकडे?”

“कुठे तिकडे?”

“लायनीच्या त्या टोकाला. आम्हाला काय कळत नाही होय? पुरुष चालायला निघाला आणि बायको पाळतीला, म्हणजे काहीतरी पाणी मुरतंयच.”

“डबा घेऊन जाते.”

“डबा तर माझाही नवरा नेतो. स्वतःच्या हातानं.” बायका हसल्या. “आणि परवा तो आंघोळीला उघडा बसला होता, तेव्हा पाठ बघितली मी. सगळी काळीनिळी. मारतेस वाटतं? मार हो, मार. आमच्यात नाही ती हिंमत.”

तिच्या ओठांवर उत्तर आलं होतं. ते तिनं गिळलं आणि घागर उचलली. घरी येऊन सासूला सांगितलं. सासू वाटी पुसत होती. म्हणाली, “बोलू दे. बोलून बोलून दमतील.” मग वाटी खाली ठेवून हळूच विचारलं, “आज किती जवळून गेली?”

“लांबून गेली, आई.”

“खोटं बोलायचं तर माझ्याशी बोलू नकोस. मी बहिऱ्याबरोबर संसार केलाय. तोंडं वाचता येतात मला.”

तो दिवस उजाडला तेव्हा आभाळ खाली आलं होतं. थंडी होती आणि धूर वर जात नव्हता, जमिनीलगत लोळत होता. ते दोघं खिंडीतून उताराला लागले होते. समोरून, खालून वर, कोळशाच्या इंजिनाची मालगाडी चढत होती. ते इंजिन म्हातारं होतं. चढावर धापा टाकत होतं, चाकं घसरत होती, ठिणग्या उडत होत्या. नवऱ्यानं समोरचा धूर बघितला आणि नेहमीसारखा त्या रुळावरून बाजूला झाला. बाजूला म्हणजे कडेला नाही. कडेला वाफ तोंडावर येते, म्हणून तो शेजारच्या लायनीवर गेला. जाण्याआधी त्यानं मागे वळून खिंडीच्या डोक्यावर बघितलं. धूर नव्हता. आयुष्यभराची सवय. त्यानं पाठ फिरवली आणि एक ढिली चावी दिसली म्हणून हातोडा उचलला.

मागून डिझेल येत होतं. तिनं ते आधी ऐकलं नाही, मालगाडीच्या धडधडीत काही ऐकूच येत नव्हतं. ती वळली ती नुसती भीतीनं वळली, आणि खिंडीच्या तोंडात तिला इंजिनाचा दिवा दिसला.

तिनं खडा मारला. पाठीत बरोबर बसला. तो हलला नाही. दुसरा मारला. त्यानं खांदा उडवला, माशी उडवावी तसा. तिला कळेना. मग कळलं. कोळशाचं इंजिन जवळ आलं की जळक्या कोळशाची कणी अंगावर पडते, पाठीवर, मानेवर, टपटप. जन्मभर ती कणी अंगावर घेतलेला माणूस तो. तिचे खडे त्याला कोळशाची कणी वाटत होते. आणि पायाखालची जमीन तर मालगाडीनंच सगळी हलवून ठेवली होती.

ती ओरडली. ओरडून काय उपयोग, हे तिला माहीत होतं, तरी ओरडली. भोंगा वाजत होता, वाजत होता. तिनं पिशवी टाकली. लायनीच्या खडीतला मुठीत न मावणारा, धारदार दगड दोन्ही हातांनी उचलला आणि पळत जाऊन जीव खाऊन फेकला.

दगड कानामागे लागला. तो आडवा झाला आणि गडगडत नाल्यात गेला. त्या जागेवरून डिझेल गेलं. एकापाठोपाठ एक डबे गेले, खिडक्यांतून माणसं बघत होती. मग दोन्ही गाड्या गेल्या आणि नाल्यात तो उठून बसला होता, हातानं डोकं धरून. बोटांमधून रक्त येत होतं. तो तिच्याकडे अशा नजरेनं बघत होता, की ही कोण बाई.

तिनं हातानं त्याला मागची लाईन दाखवली. त्यानं बघितलं. हातोडा तिथं पडला होता, त्याचा दांडा दोन तुकडे झाला होता. मग तो तिथंच उलटी करायला लागला. तिनं त्याचं कपाळ धरलं.

डिझेलच्या ड्रायव्हरनं पुढच्या स्टेशनवर कळवलं, की एका बाईनं लायनीवरच्या माणसाला दगड मारला. दुपार कलायच्या आत साहेब आला, बरोबर मुकादम. साहेब तरुण होता, बूट चकचकीत होते. खोलीत खुर्ची नव्हती म्हणून तो दारातच उभा राहिला. चाळ मागे जमली. नवरा आत भिंतीला टेकून बसला होता, डोक्याला पट्टी. ती साहेबाच्या आणि त्याच्या मध्ये येऊन उभी राहिली, नवऱ्याकडे पाठ करून. मुद्दामच. तिचे ओठ त्याला दिसायला नको होते.

“दगड तू मारलास?”

“हो.”

“कामावरच्या माणसाला? गाडी येत असताना? त्याच्यावर भोंगा वाजवला तरी तो हलला नाही, असं ड्रायव्हर म्हणतो. काय प्रकार आहे?”

हा प्रश्न आणखी एक पाऊल पुढे गेला असता तर सगळं संपलं असतं. नोकरी, नोकरीबरोबर खोली, म्हाताऱ्या सासूचं अंथरूण. मागे चाळीतल्या बायका टाचा उंचावून उभ्या होत्या. तिला त्यांची तोंडं दिसली आणि सुचलं.

“दुसरी बाई आहे त्यांना,” ती म्हणाली. “आमचं भांडण झालं होतं. त्यांना काही सुचत नव्हतं, मलाही नव्हतं. राग आला, मारला.”

पॉइंटमनची बायको म्हणाली, “बघा! मी म्हणत नव्हते?” आणि सगळी चाळ हसली. मुकादमही हसला. साहेबाला हसू आलं ते त्यानं खोकल्यात घातलं.

“घरची भांडणं घरात,” तो म्हणाला. “उद्यापासून ही बाई लायनीवर दिसली तर याची नोकरी गेली. मुकादम, लक्षात ठेवा.”

तमाशा संपला म्हणून चाळ घरी गेली. तिनं दार लावलं. नोकरी वाचवली होती तिनं. आणि त्याच वाक्यानं उद्याच्या त्याच्या पाठीमागची जागा रिकामी केली होती.

“का हसले सगळे?” त्यानं विचारलं. त्याचा आवाज नेहमीच गरजेपेक्षा मोठा असायचा.

ती त्याच्यासमोर बसली. हळूहळू, ओठ नीट हलवत म्हणाली, “मला यायला बंदी केलीय.”

“बरं झालं.”

“काय बरं झालं?”

“लोक हसतात. बायकोनं मागे मागे फिरायचं म्हणजे…” पट्टीवरून हात फिरवत तो म्हणाला, “मी दर चार पावलांना मागे बघेन. मान मोडेपर्यंत बघेन.”

“मग चाव्या कधी बघणार?”

त्यानं मान फिरवली. तिनं त्याचा चेहरा आपल्याकडे वळवला. “सांगून टाकू. ऐकू येत नाही म्हणून सांगू. दुसरं काही काम देतील.”

“काम देतील!” तो ओरडला. “आजवर कुणाला दिलं? खोली काढून घेतील. आईला कुठे ठेवू, खिंडीत?” त्याचे डोळे भरले होते. “मला भीती वाटत नाही असं वाटतं का तुला? मला रुळावर पाय ठेवला की लघवीला होतं. पण जायला हवं ना.”

सासू कोपऱ्यात अंथरुणावर होती. ती उठून बसली. “याला सांग,” ती सुनेला म्हणाली, “चावीवाला मेला तरी खोली खाली करावीच लागते.” सुनेनं ते त्याला सांगितलं नाही. सांगवलं नाही.

सकाळी टोळी निघाली. पलीकडच्या वळणावर रूळ बदलायचे होते, म्हणून सगळेच जण एका वाटेनं निघाले होते, चाळीच्या मागच्या उतारावरून लायनीवर चढून रुळांच्या मधून रांगेनं चालत. पहारी, फावडी, घमेली. मुकादम मध्ये. सगळ्यांत पुढे तो, नवा हातोडा खांद्यावर, डोक्याला पट्टी. वळणापर्यंत टोळी बरोबर असणार होती, पुढे तो एकटा. तो खरंच दर चार पावलांना मागे बघत होता. मागे टोळी दिसली की त्याला धीर यायचा असणार, कारण हळूहळू त्यानं बघणं सोडलं आणि नजर चाव्यांना लावली.

ती चाळीच्या मागे उभी होती. लायनीवर पाऊल टाकायचं नव्हतं, तिनं टाकलं नाही. रूळ दोन्ही बाजूंना रिकामे होते. दूरवर काही नव्हतं. तिनं छातीत श्वास भरला. तेव्हा तिला सासूची, खोलीची, कशाचीच आठवण झाली नाही, फक्त काल त्या जागेवरून गेलेले डबे दिसले, एकापाठोपाठ एक.

“गाडीऽऽऽ!” ती ओरडली. “मागून गाडी! उतराऽऽ!”

लायनीवरच्या माणसाला ही आरोळी मेलेला असला तरी उठवते. पहारी खाली पडल्या, घमेली खडखडत गेली, मुकादमानं विडी तोंडात तशीच ठेवून उडी मारली. क्षणात अख्खी टोळी दोन्ही बाजूंच्या गवतात होती.

एक माणूस तेवढा रुळांच्या मधून चालत राहिला. सावकाश, मान खाली घालून, हातोड्यानं चावी बघत.

गवतातल्या माणसांनी मागे बघितलं. गाडी नव्हती. मग त्यांनी चाळीमागे उभ्या असलेल्या बाईकडे बघितलं, आणि मग त्याच्या पाठीकडे. कुणीतरी हाक मारली. मग दोघातिघांनी मिळून मारली. तो चालतच होता. मुकादमानं विडी थुंकली. “अरे देवा,” तो म्हणाला, “रोज एकट्याला पाठवत होतो मी.” आणि तो पळत सुटला. पळत जाऊन त्यानं त्याचा दंड धरला.

तो दचकून वळला. रुळांवर कुणी नव्हतं. सगळी टोळी खाली गवतात उभी होती, सगळे त्याच्याकडे बघत होते. त्यानं हातोडा टाकला, मुकादमाला कवेत घेऊन लायनीखाली झेप घेतली, आणि त्याला तसाच घट्ट धरून एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघायला लागला.

“कुठे आहे?” त्यानं त्या मोठ्या आवाजात विचारलं. “कुठल्या बाजूनं येतेय?”